घर क्रमांक सतरापासून

पुळणवाडीत आमचं काम सुरू झालं
घर क्रमांक सतरापासून.
एक ते सोळा ग्रामपंचायतीच्या वहीत आहेत,
पुढे 'घरपट्टी थकीत' असा शेराही आहे.
वाळूवर नाहीत.

मी पट्टी धरते.
चार मीटरची, लाल-पांढरी,
उघडली की माझ्या अडीच पट.
दुर्बिणीमागे बिडये सर एक डोळा मिटून
आकडा ओरडतात, अर्धा वारा खातो,
उरलेला मी लिहिते.
जोत्याची उंची, समुद्रसपाटीपासून:
एक मीटर बत्तीस.

रकाना सहा. यापूर्वी घरात पाणी आले होते काय?
होय किंवा नाही.
द्वारकी कुबल म्हणाली,
"इला तर! पावण्यासारखा पुढल्या दारान इला,
आणि मागल्या दारान गेला
ता सुक्या बांगड्यांची आख्खी पाटी घेवन."
मी 'होय'वर खूण केली.
बांगड्यांना रकाना नव्हता.

"ह्या सगळा लिवन झाल्यार पाणी थांबतला?"
सर म्हणाले, थांबणार नाही, पण
आधी कुणाकडे येईल ते कळेल.
"ता माका म्हायत आसा," ती म्हणाली.
"माझ्याकडे."

इसाक होडेकरांच्या दाराच्या फणसी खांबाला
तीन खिळे ठोकलेले.
हा फयानचा. हा तौक्तेचा.
दोन्हींच्या वर, बोटभर वर, तिसरा, अजून न गंजलेला.
हा कुठल्या वादळाचा, चाचा?
ते चिंबोरीचं जाळं सोडवत राहिले.
"हा वादळाचा नाही. साधी आमावस्या.
गेल्या भादव्यातली.
पान हलत नव्हतं."

सर तिथे बराच वेळ पट्टी धरायला लावून उभे होते.

सुनंदा खोबरेकरकडे चहा फाटला.
तिने परत टाकला, परत फाटला.
तेव्हा हसून म्हणाली, विहीर अशीच झालीय,
आता अख्खी वाडी कोराच पिते,
तुम्ही आलात म्हणून दूध घातलं.
सरांनी लिहिलं: मचूळ.
आणि कोरा चहा दोन कप प्यायले,
चेहरा न बदलता. त्या दिवसापासून
मला ते जरा आवडू लागले.

दुपारी सुरूच्या सावलीत डबा उघडताना
मी विचारलं, सर, हे शून्य कुठे असतं?
ज्याच्यापासून आपण सगळ्यांना मोजतो ते?
म्हणाले, लांब, एका बंदरात.
वर्षानुवर्षांच्या भरती-ओहोटीची
सरासरी काढून ठरवलेलं. फार जुनं.
आणि त्यानंतर?
त्यांनी भाकरीवरची मुंगी फुंकली.
"त्यानंतर शून्य तिथेच आहे," म्हणाले.
"समुद्र नाही."

खाडीच्या अंगाला बांध दोन ठिकाणी फुटलेला,
खाजणात भाताऐवजी तिवरं वर आलेली,
हिरवीगार, कुणी न लावता.
दर्याच्या अंगाला काळ्या दगडांचा बंधारा,
त्याचे दगडही हळूहळू
खाली बसत चाललेले, पंगतीत पेंगणाऱ्या
म्हाताऱ्यांसारखे.
मधे आमची वाळूची जीभ. एकशे नव्वद पावलं.
मी लहान असताना मोजली होती
तेव्हा तीनशेच्या वर भरली.
पावलं लहान होती, हेही खरं.

शेवटचं काम ओहोटीला. किनाऱ्याचा छेद.
पट्टी घेऊन पाण्यात शिरायचं,
दर पाच मीटरला थांबायचं.
गुडघा. मांडी. कंबर.
सर काठावरून हात हलवत होते,
अजून पुढे, थोडं डावीकडे, थांब.
थांबले.
पायाखाली काहीतरी कोपऱ्याचं लागलं.

मी नऊ नंबरातली,
हे सरांना सांगितलेलं नाही.

अंगठ्याने चाचपलं. काठ, मग खोलगट जागा,
जिथे पावसाळ्यात आम्ही
घरात शिरण्याआधी पाय धुवायचो.
"पट्टी सरळ धर!"
सरळच होती.
"उणे शून्य पॉइंट चौऱ्याऐंशी. तळाला काय?"
छापील कागदावर तीनच पर्याय:
वाळू, चिखल, खडक.

"चिरा," मी ओरडले.
वाऱ्याने किती नेलं कोण जाणे.
संध्याकाळी वही पाहिली.
त्यांनी 'खडक' लिहून
खोडलं होतं,
आणि जागा कोरी ठेवली होती.